तिसऱ्या नावाची बाई

ओहायोतल्या डब्लिन गावात सिमेंटची कणसं आहेत. पुरुषभर उंचीची, पांढरीफटक, कवायतीला उभी केल्यासारखी रांगेत. तिथे पूर्वी मक्याचं शेत होतं म्हणे. शेत गेलं, तेव्हा त्याची आठवण राहावी म्हणून कोणा कलावंताने ही कणसं ओतून ठेवली. आठवण इतकी पक्की झाली की आता तिला दात लागत नाहीत. नव्या पाहुण्याला ती कणसं दाखवायला नेणं हे डब्लिनच्या मराठी घरांमधलं पहिलं कर्तव्य. दुसरं कर्तव्य पाहुण्याला जेवायला घालणं. कणसं बघून भूक लागते आणि तिथे खायला काही मिळत नाही.

या कणसांच्या जवळच टेंबे राहतात. सुमंत टेंबे पुण्याचा, एका विमा कंपनीत सॉफ्टवेअरवाला. बायको अमरावतीची, ती दवाखान्यांच्या बिलांचा डेटा सांभाळते. मुलगी आन्या शाळेच्या शेवटच्या वर्षात आहे आणि आईवडिलांना सांभाळते.

आता बायकोचं नाव सांगायला हवं, आणि सगळी गोची तिथेच आहे.

मराठी मंडळात ती कादंबरी वहिनी. ऑफिसात नुसती 'के', कारण तिथल्या लोकांची जीभ पहिल्या अक्षराच्या पुढे जायला तयार नाही. सुमंत तिला 'अगं' म्हणतो. माहेरी ती ज्ञानदा. आणि ज्या माणसाने हे नाव ठेवलं, त्याच्यापुरतं बोलायचं तर ती दुसरी कोणी कधी झालीच नव्हती. तेव्हा आपणही तिला ज्ञानदाच म्हणू.

तो माणूस म्हणजे तिचे वडील, त्र्यंबकराव पांढरीपांडे. अमरावतीच्या एका हायस्कुलात चित्रकलेचे शिक्षक. मुलीचं नाव काय ठेवावं याचा त्यांनी इतका सावकाश विचार केला की नगरपालिकेचा कारकून कंटाळला आणि जन्माच्या दाखल्यावर नुसतं 'मुलगी' लिहून मोकळा झाला. नाव ठरलं, तेव्हा मात्र त्यांनी सगळी कसर भरून काढली. दप्तर, डबा, छत्री, कंपासपेटी, सगळ्यांवर स्वतःच्या हाताने 'ज्ञानदा' रंगवलं, आणि दर वर्षी नव्या वळणाचं. वर्गातल्या पोरी चिडवायच्या, "तुझी छत्री म्हणजे दुकानाची पाटी आहे गं!" ज्ञानदाला तेव्हा राग यायचा. आता असल्या छत्रीसाठी ती काहीही देईल.

लग्नात तांदळाचं ताट आलं. पुण्याच्या टेंब्यांकडे सुनेचं नाव बदलायची पद्धत. सासूबाईंना वाचनाचा नाद, वाचनालयातून एकेक जाडजूड पुस्तक आणून त्या दोन दिवसांत संपवायच्या. सुनेचं नाव त्यांनी हौसेने कादंबरी ठरवलं. सुमंतने अंगठीने ते तांदळात लिहिलं. सगळे वाकून बघत होते, तसे त्र्यंबकरावही वाकले. चष्मा वर केला, मान तिरकी केली आणि म्हणाले, "अक्षर बरं आहे जावयाचं. द जरा पडलाय, पण तांदळात कोणाचाही पडेल."

मांडव हसला. मग कोणीतरी हाताने तांदूळ सारखे केले आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा भात झाला. सुमंत अजून म्हणतो, "मी दोन मिनिटं अंगठी फिरवली, बाकी माझा काही गुन्हा नाही." तांदळातलं नाव पुसलं गेलं ते खरं, पण तिच्या सासऱ्यांनी ओळखीने लगेचच्या लगेच तिचा पासपोर्ट काढला, त्याच्यावर ते जे बसलं ते बसलं. कादंबरी सुमंत टेंबे. पुढचे सगळे व्हिसे, ग्रीन कार्ड, घराचं कर्ज, दाताच्या डॉक्टरची फाइल, सगळं कादंबरीच्या नावावर झालं. ज्ञानदा उरली फक्त रविवारपुरती.

रविवारी सकाळी ती अमरावतीला व्हिडिओ कॉल लावायची. तब्येतपाणी नंतर, आधी रंग.

"हा कुठला घातलाय गं?"

"निळा, बाबा."

"निळा काय निळा! मोरपिशी म्हण. अमेरिकेत जाऊन राहिलीस म्हणून काय रंगही विसरून गेलीस?"

त्र्यंबकरावांच्या जगात नुसता निळा, नुसता लाल असलं काही नव्हतं. अंजिरी होता, आमसुली होता, डाळिंबी, गव्हाळ, पारवा. तिच्या लग्नात त्यांनी एक शेवाळी साडी आणली होती. बायकांनी नाकं मुरडली. नवरीला कोणी शेवाळं नेसवतं का! ते म्हणाले, "तिला शोभतो तो. तुम्ही तळं बघितलंय कुठे नीट." सिमेंटच्या कणसांचे फोटो तिने पहिल्यांदा पाठवले, तेव्हा त्यांना इतकं हसू आलं की ठसका लागला. "अगं, पण भाजायची कशी?" तेव्हापासून दर दोन-चार रविवारी प्रश्न असायचाच, "काय गं, भाजली का कोणी?"

ग्रीन कार्डाच्या रांगेत आन्याचे दुधाचे दात पडून गेले. त्यानंतर नागरिकत्वाचा अर्ज आला. त्या अर्जात एक प्रश्न असतो: नाव बदलायचं आहे का? ज्ञानदा तो प्रश्न वाचून थांबली. पुढे मुलाखतीला गेली, तेव्हा तिने समोरच्या अधिकाऱ्याला विचारलं, "याचे वेगळे पैसे पडतात?"

"नाही. फुकट."

फुकट! अमरावतीत वाढलेल्या आणि पुण्यात दिलेल्या बाईला हा शब्द वाया घालवता येईना. त्यातून तिने आधीच चौकटी भरून ठेवल्या होत्या. पहिल्या चौकटीत ज्ञानदा. मधल्या चौकटीत त्र्यंबक. शेवटच्या चौकटीत टेंबे, कारण वीस वर्षं संसार झाला होता आणि सुमंत माणूस म्हणून चांगला होता.

"घ्यायचं तर पांढरीपांडेच घ्यायचंस की," सुमंत म्हणाला.

"चौकटीत मावत नाही."

पंगतीत सगळ्यांना थोडं थोडं वाढावं तसं तिने नाव वाढलं. स्वतःचं, बाबांचं, नवऱ्याचं. कोणी उपाशी राहिलं नाही. फक्त एवढंच झालं की ज्ञानदा त्र्यंबक टेंबे नावाची बाई आजवर जगात कुठेच नव्हती. ना अमरावतीच्या शाळेत, ना पुण्याच्या पासपोर्टावर. ही तिसरीच बाई निघाली.

शपथविधी एप्रिलमध्ये झाला, न्यायाधीशांसमोर. ज्ञानदा शेवाळी साडी नेसून गेली, वरून थंडीचं जाकीट. हातात कागदी झेंडा. बाहेर पार्किंगमध्ये येऊन तिने पहिला फोन अमरावतीला लावला. ही गंमत तिने कितीतरी महिने पोटात ठेवली होती. बाबांसमोर प्रमाणपत्र धरायचं, ते वाचतील, आणि मग त्यांचा चेहरा बघायचा.

फोन तिच्या धाकट्या भावाने, अवधूतने घेतला आणि बाबांच्या हातात दिला.

त्या दिवशी त्यांनी रंग विचारला नाही.

"बाबा, हे वाचा!"

त्यांनी फोन नाकाजवळ नेला. पडद्यावर नुसतं कपाळ आलं, मग एक भुवई. "वा! कागद उत्तम आहे. जाड आहे."

"कागद नाही हो, नाव वाचा ना!"

"अवधूत, माझा चष्मा कुठे आहे रे?"

"डोळ्यांवरच आहे, बाबा," अवधूत म्हणाला. आणि जरा थांबून त्यानेच वाचलं, "ज्ञानदा त्र्यंबक टेंबे."

फोन नाकापासून लांब गेला. मग त्र्यंबकराव म्हणाले, "मला मधे घेतलंस होय? दोन्हीकडून धक्के बसतील की गं मला." आणि चष्मा काढून धोतराने पुसायला लागले. ज्ञानदाला वाटलं, भरून आलं. आलं असेलही. पण मग अवधूत फोन घेऊन गच्चीवर गेला.

"ताई, ऐक. त्यांना दिसत नाहीये. डावा डोळा तर दोन वर्षांपूर्वीच गेला. काचबिंदू. आता उजव्याचंही तेच. म्हणतात, नळीतून बघितल्यासारखं दिसतं, आणि नळी लहान होत चालली आहे."

"आणि मला कोणी सांगितलं नाही?"

"त्यांनी बजावलं होतं. तिचं तिकडचं काम होऊ दे, मधेच पळत येईल, सगळं अर्धं राहील."

"ऑपरेशन?"

"मोतीबिंदूचं असतं तर झालं असतं. यात गेलेली नजर परत येत नाही. डॉक्टर म्हणाले, दिवाळीपर्यंत चेहरे ओळखता येतील. पुढचं ते बोलत नाहीत."

"मी येते," ज्ञानदा म्हणाली. "त्यांना म्हणावं, मी येते. दिवाळीच्या आत. बघू देत मला एकदा नीट."

शेजारी आन्या झेंडा हलवत उभी होती. तिने विचारलं, "इज आजोबा हॅपी?"

"व्हेरी," ज्ञानदा म्हणाली.

तिकीट काढायचं नि विमानात बसायचं, एवढंच तर होतं. पण अमेरिकेचा नागरिक झालेला माणूस भारताला परका होतो. त्याला जायला ओसीआय लागतं. डब्लिनचे लोक त्याला लाडाने दुहेरी नागरिकत्व म्हणतात, प्रत्यक्षात ते माहेरी राहायचा कायमचा परवाना एवढंच. तो मिळेपर्यंत साधा व्हिसा काढावा म्हटलं, तरी दोन्हींसाठी आधी जुना भारतीय पासपोर्ट जमा करून तसा दाखला घ्यावा लागतो. शुभाताई म्हणाल्या, "काही नाही गं. चार-सहा आठवडे. मंडळात निम्म्या लोकांचं मी करून दिलंय."

शुभाताई म्हणजे मंडळाच्या चालत्याबोलत्या मदतखिडकी. गावात कोणाचाही कागद अडला की त्याला त्यांच्या डायनिंग टेबलावर आणतात. त्यांनी यादी दिली: जुना पासपोर्ट, नवा पासपोर्ट, कोर्टाचा नाव बदलल्याचा कागद. "आणि हे बघ, मागितलेलं तेवढंच द्यायचं. जास्तीचा एक चिटोरासुद्धा नाही."

ज्ञानदाने मान हलवली, घरी आली आणि जास्तीचा चिटोरा घातला.

त्याला कारण होतं. नुसते तीन कागद बघून कोणाला वाटलं असतं की ही कादंबरी नावाची बाई, अमेरिकेत आली, शेफारली, आणि तिने हौसेने नवीन नाव घेतलं. हे तिला सहन होईना. हे नाव नवीन नाही हो, माझंच आहे, आधीचं आहे, माझ्या वडिलांनी ठेवलेलं आहे! कोणी विचारलं नव्हतं, तरी तिने शाळेचा दाखला जोडला. त्यावर होतं, ज्ञानदा त्र्यंबक पांढरीपांडे. वर एक छोटंसं पत्रही लिहिलं, नम्र भाषेत, दोन परिच्छेदांचं. सज्जन माणसांची हीच खोड असते. बरोबर असलं तरी समजावून सांगायला जातात.

जूनमध्ये ईमेल आली की अर्ज स्थगित. तिने अर्जकेंद्राला फोन लावला. बराच वेळ होल्डवरची सनई ऐकल्यावर एका मुलीचा आवाज आला. नाव मोना.

"मॅम, तुमच्या शाळेच्या दाखल्यावर ज्ञानदा आहे. पासपोर्टवर कादंबरी."

"हो. आणि आता परत ज्ञानदा. कोर्टाचा कागद जोडलाय."

"तो कादंबरीची ज्ञानदा झाल्याचा आहे, मॅम. आधी ज्ञानदाची कादंबरी झाल्याचा पुरावा लागेल."

"लग्न झालं ना माझं!"

"लग्नाच्या दाखल्यावर कादंबरी आहे का, मॅम? नसेल, तर कादंबरी झाल्याचा कागद कुठे आहे?"

ज्ञानदाच्या डोळ्यांसमोर तांदळाचं ताट आलं. त्या कागदाचा भात झाला होता. तो तिने स्वतः वाढला होता, वर तूप घालून.

"तो शाळेचा दाखला काढून टाकला तर?" तिने हळूच विचारलं.

"आता सिस्टीममध्ये गेला, मॅम," मोना म्हणाली. तिलाही वाईट वाटलं असावं, कारण ती म्हणाली, "नसता पाठवला तर झालं असतं."

शुभाताईंनी हे ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "तुला मी काय सांगितलं होतं?"

"मला वाटलं, खरं सांगावं."

"खरं मागितलं तर सांगायचं, बाई!"

मग उपाय निघाले. दोन गावांतल्या वर्तमानपत्रांत जाहिराती द्यायच्या आणि वडिलांचं प्रतिज्ञापत्र, की ज्ञानदा आणि कादंबरी या दोघी एकच. डब्लिनच्या साप्ताहिकात जाहिराती घेणाऱ्या बाईने मजकूर वाचला, चष्म्यावरून ज्ञानदाकडे बघितलं आणि मायेने विचारलं, "तुम्ही कोणापासून पळताय का?"

"नाही," ज्ञानदा म्हणाली. "कोणाकडे तरी जायचंय."

जाहिरात आली ती हरवलेलं मांजर आणि गराज सेल यांच्या मधोमध. सुमंत म्हणाला, "मांजराचा फोटो तरी छापलाय." आणि मग त्याला तिचा चेहरा दिसला. थोड्या वेळाने स्वतःच उठून चहा करून आणला. आलं किसायला विसरला, पण आणला.

अमरावतीची जाहिरात त्र्यंबकरावांनी अवधूतकडून दोनदा वाचून घेतली. "ठळक टाइपात आहे ना?" एवढंच त्यांनी विचारलं. प्रतिज्ञापत्रावर सही करायला ते इस्त्रीचा सदरा घालून गेले. त्यांची सही म्हणजे शाळेत चेष्टेचा आणि कौतुकाचा विषय होता. त्र्यंबकचा त्र हंसासारखा मान वळवून पोहायचा, आणि शेवटचं टोक पाण्यावरच्या रेघेसारखं लांब जायचं. पोरं पाटीवर तिची नक्कल करायची आणि मार खायची.

प्रतिज्ञापत्र ऑगस्टमध्ये परत आलं. वडिलांची सही त्यांच्या ओळखपत्रावरच्या सहीशी जुळत नाही.

ज्ञानदाने स्कॅन उघडून बघितला. सही ओळीवर सुरू झाली होती, मग उतरत उतरत शिक्क्यात शिरली होती आणि टोक कागदाबाहेर कुठेतरी गेलं होतं. हंस बुडाला होता. ज्या डोळ्यांसाठी जायचं, त्याच डोळ्यांनी अडवलं होतं. आता राग तरी कोणाचा करायचा? बाबांचा? मोनाचा? तांदळाचा?

"अंगठा चालेल," मोना म्हणाली. "सही करता येत नसेल तर अंगठा चालतो, मॅम."

हे अमरावतीला सांगायला तिला दोन रविवार लागले. सांगितलं, तेव्हा त्र्यंबकराव पहिल्यांदा तिच्यावर ओरडले. "अंगठा? मी? चाळीस वर्षं पोरांना अक्षर शिकवलं मी, ज्ञानदा! अंगठा काय लावू?"

"राहू द्या, बाबा."

"राहू कसं द्यायचं? करतो मी सही. जमेल. कागद मोठा नव्हता तो."

मग सरावाला सुरुवात झाली. अवधूतने तिला एकदा लपून व्हिडिओ पाठवला. टेबलावर म्हातारा वाकलेला, ओळीच्या खाली फूटपट्टी धरलेली, तिच्या आधाराने पेन चाललेलं. सही झाली की ते बोटांनी कागद चाचपायचे, जणू शाई हाताला लागली की समजेल कशी आलीय ते. "अवधूत, बघ रे." अवधूत म्हणायचा, "जरा खाली गेली." "जरा म्हणजे किती?" अवधूत बोलायचा नाही. म्हणजे बरीच.

मंडळाचा गणपती आला नि गेला. ज्ञानदाने दोनशे लोकांच्या मसालेभाताला मदत केली. लोक विचारत होते, "काय, कादंबरी वहिनी, जाऊन आलात का इंडियाला?" ती म्हणायची, "जायचंय." आन्या आता तिला मुद्दाम 'ज्ञानदा मॅडम' म्हणायची. "आई, यू शुड युज इट. यू फॉट फॉर इट." पण हाक मारली की ज्ञानदा वळायचीच नाही. कानांना सवय नव्हती. हे नाव ऐकायची जागा एकच होती, आणि ती आठ हजार मैलांवर फूटपट्टी धरून बसली होती.

मग एका रविवारी फोन लागला, तर त्र्यंबकरावांनी डावा हात वर केलेला. अंगठा काळा.

"सांग. हा कुठला रंग?"

ज्ञानदाने फोन जवळ घेतला.

"अगं, सांग की! परीक्षा आहे."

"निळा," ती कशीबशी म्हणाली.

"निळा काय निळा! जांभळट काळा आहे हा. स्टॅम्पपॅडच्या शाईचा." हे त्यांना दिसत नव्हतं. शाई कुठली ते ठाऊक होतं. "पाठवून दिला कागद. वकील म्हणाला, अंगठा छान उठला. सगळ्या रेषा आल्या. माझी ही कलाकृती राहूनच गेली होती बघ."

ते हसले. ज्ञानदाही हसली. फोन ठेवल्यावर तिने तोंड धुतलं.

अंगठ्याचा कागद पोचला. अंगठा असेल तर दोन साक्षीदार, आणि नोटरी नाही, दंडाधिकाऱ्यासमोर, असं उत्तर आलं. दसरा होऊन गेला होता. ज्ञानदाने मोनाला फोन केला. एव्हाना दोघी एकमेकींचा आवाज ओळखत होत्या.

"मोना, इमर्जन्सी व्हिसा असतो ना?"

"असतो, मॅम. वडील हॉस्पिटलमध्ये ॲडमिट आहेत का?"

"नाही. घरी आहेत. खुर्चीत."

"मग... काही सीरियस?"

"त्यांचं दिसणं चाललंय. दिवाळीपर्यंत म्हणालेत. मला त्यांनी बघावं एकदा, एवढंच."

"मॅम, त्यात डोळे येत नाहीत," मोना म्हणाली. "डेथ येते, ॲडमिशन येते. ॲडमिट झाले तर लगेच कळवा हं. एका दिवसात करून देतात."

हे अमरावतीला कळलं तेव्हा त्र्यंबकराव म्हणाले, "मग होतो नं मी ॲडमिट! या वयात शोधलं तर काहीतरी सापडेलच." अवधूत म्हणाला, "बाबा, चेष्टा पुरे." ते म्हणाले, "चेष्टा कोण करून राहिलंय?"

साक्षीदारांना घेऊन दंडाधिकाऱ्यासमोर जायचं होतं, तर कोर्टाला सुटी लागली. मग साहेबांची बदली. कागद निघाला, पोचला, आणि संगणकावर 'प्रक्रिया चालू आहे' असं दिसू लागलं. ज्ञानदा रोज सकाळी उठून ते बघायची. प्रक्रिया चालू होती. तिच्याइतकं निष्ठेने काहीच चालू नव्हतं. दिवाळीच्या फराळाला शुभाताईंनी तिला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, "होईल गं." निम्म्या गावाचं काम करून दिलेल्या बाईंचा आवाज पहिल्यांदाच पडलेला होता. ज्ञानदाने त्यांना दुसरा लाडू वाढला.

दिवाळी संपली. त्यानंतरच्या रविवारी आन्याने तिला जबरदस्तीने बाहेर काढलं. "आई, कम ऑन, फ्रेश एअर." आन्याचाच शाळेचा लाल स्वेटशर्ट घालून ज्ञानदा निघाली आणि चालत चालत कणसांच्या शेतात आली. गवतावर दहिवर होतं. कणसं नेहमीसारखी कवायतीत उभी. अमरावतीच्या फोनची वेळ झाली होती, म्हणून तिने तिथूनच लावला.

पडद्यावर अवधूत आला. त्याने मानेनेच 'नाही' अशी खूण केली, डोळ्यांवरून हात फिरवला, आणि मग मोठ्याने म्हणाला, "बाबा, ताई!" फोन बाबांच्या हातात गेला.

त्र्यंबकराव चष्मा लावून, केस विंचरून बसले होते. फोन त्यांनी बरोबर समोर धरला होता. फक्त ते बघत होते फोनच्या जरा डावीकडे, जिथे भिंत होती.

"ये, ये ज्ञानदा. वा! आज छान दिसून राहिलीस."

"दिसते मी, बाबा?"

"न दिसायला काय झालं? समोर तर आहेस. शेवाळी साडी नेसलीस नं? मी म्हणालो होतो, तुला शोभतो तो रंग. तेव्हा कोणी ऐकत नव्हतं."

आन्या शेजारून डोकावली. तिने आईच्या लाल स्वेटशर्टाकडे बघितलं, तोंड उघडलं. ज्ञानदाने तिचा हात घट्ट धरला.

"हो, बाबा," ती म्हणाली. "शेवाळीच आहे."

"बघ!" भिंतीकडे बघत ते हसले. आयुष्यभर मुलीचा प्रत्येक रंग दुरुस्त केलेला माणूस, तिने एकदाचा बरोबर सांगितला म्हणून समाधानाने मान हलवत राहिला. मग म्हणाले, "वारा ऐकू येऊन राहिलाय. कुठे उभी आहेस? कणसांत का?"

"कणसांत."

"काय गं, भाजली का कोणी?"

ज्ञानदाने रांगेकडे बघितलं. अजून पांढरीच आहेत म्हणावं, तर बाबांनी विचारलं असतं, पांढरा कुठला?

"अजून नाही, बाबा," ती म्हणाली.